बधिर हातांचा शल्यविशारद

१९४७ साल. मद्रासजवळच्या चेंगलपट्टू येथील लेडी विलिंग्डन कुष्ठधामाच्या आवारातून दोन डॉक्टर चालले होते. एक होते कुष्ठरोगाचे नामांकित तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन. दुसरे नुकतेच इंग्लंडहून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झालेले तरुण शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड. कॉक्रेन रुग्णांच्या त्वचेवरील चट्ट्यांविषयी बोलत होते; ब्रँड यांची नजर मात्र रुग्णांच्या हातांवर खिळली होती. बोटे आत वळून ताठरलेली, कुठे पेरे झिजलेली, कुठे पंजाच उरलेला. इतक्या हातांवर कोणी अस्थिशल्यविशारद काम का करीत नाही, असा प्रश्न त्यांनी केला, तेव्हा कॉक्रेन यांनी तो प्रश्न त्यांच्यावरच उलटवला. अस्थिशल्यविशारद तर तेच होते.

ब्रँड यांनी एका तरुण रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि तो जमेल तितका घट्ट दाबण्यास सांगितले. हा हात लुळा असणार, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या पकडीने त्यांना कळ आली. रुग्णाला त्याची कल्पनाही नव्हती, कारण आपण किती जोर लावतो आहोत हे त्याला जाणवतच नव्हते. या एका हस्तांदोलनात दोन गोष्टी एकदम उघड झाल्या. हाताची ताकद शाबूत होती आणि स्पर्श मात्र हरवला होता. पुढील अर्धशतक ब्रँड या दोन गोष्टींचाच पाठपुरावा करीत राहिले. आज यंत्रमानवाच्या व कृत्रिम हातांना स्पर्शज्ञान देण्यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत. त्या प्रयत्नांतील मूळ अडचण या माणसाने फार पूर्वी, कुष्ठरुग्णांच्या सोबतीने अनुभवली होती.

पॉल विल्सन ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगररांगेत झाला. वडील जेसी आणि आई एव्हलिन हे धर्मप्रचारक दांपत्य या दुर्गम डोंगरात आदिवासींमध्ये राहत असे. शाळा, शेती, सुतारकाम आणि जमेल तेवढे औषधपाणी ही सर्व कामे ते करीत. छोटा पॉल झाडांवर चढण्यात आणि मुंग्या-वारुळे न्याहाळण्यात रमलेला असे. एकदा तीन परके पुरुष घराशी आले. त्यांच्या हातापायांच्या जखमा पाहून आईने मुलांना आत पाठविले. वडिलांनी त्या पायांना पट्ट्या बांधल्या. मात्र नेहमी सर्वांना आपुलकीने वागविणारे हे घर त्या दिवशी बिचकले होते. कुष्ठरोगाची ही पहिली ओळख मुलाच्या मनात भीती म्हणूनच राहिली.

नऊ वर्षांच्या पॉलला १९२३ मध्ये धाकट्या बहिणीसह शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२९ मध्ये वडील तापाने गेल्याची तार आली. बोटीने येणारी टपाल मात्र काही आठवडे मागे असल्याने, तार मिळाल्यानंतरही वडिलांच्या हस्ताक्षरातील पत्रे येतच राहिली. वडिलांच्या डॉक्टरकीतील पू आणि रक्त आठवून या मुलाला वैद्यकाचा तिटकारा आला होता. शाळा संपताच त्याने बांधकामाचा व्यवसाय शिकण्यास घेतला. गवंडी, सुतार अशा कारागिरांच्या हाताखाली त्याने चारेक वर्षे काढली. धर्मप्रचारासाठी परदेशी जाणाऱ्यांना आवश्यक म्हणून घेतलेल्या वैद्यकाच्या छोट्या अभ्यासक्रमाने त्याचे मन पालटले. १९३७ मध्ये ब्रँड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथेच त्यांची मार्गारेट बेरी या सहाध्यायिनीशी गाठ पडली आणि १९४३ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. बाँबवर्षावात सापडलेल्या लंडनमधील जखमींवर उपचार करताना त्यांचे शल्यकौशल्य घडले. १९४६ अखेरीस, कॉक्रेन यांच्या बोलावण्यावरून, ते जन्मभूमीत परतले.

चेंगलपट्टूच्या त्या भेटीनंतर ब्रँड यांनी शेकडो रुग्णांचे हात-पाय बारकाईने तपासले. कोणता स्नायू चालतो, कोणता नाही, स्पर्श कोठे आहे, कोठे नाही, याची टिपणे झाली आणि त्यातून एक ठरावीक आकृतिबंध दिसू लागला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर सरसकट हल्ला करीत नव्हते. कोपर, मनगट, गुडघा, घोटा अशा ज्या ठिकाणी मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातात, त्या तुलनेने थंड जागी ते सुजत व निकामी होत. तळहातातील छोटे स्नायू म्हणून लुळे पडत. पण कोपराखालील पुष्ट स्नायूंना जाणाऱ्या शाखा त्याआधीच फुटलेल्या असल्याने ते स्नायू धडधाकट राहत. त्या हस्तांदोलनातील जोर येथून आलेला होता.

बोटांची हालचाल ही दोऱ्यांनी चालणाऱ्या कळसूत्री बाहुलीसारखी असते. बोटांत मोठे स्नायू नसतातच. कोपराखालच्या स्नायूंपासून निघालेल्या लांब कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, बोटांना ओढतात. तळहातातील छोटे स्नायू या ओढीचा तोल सांभाळतात. ते गेले की मोठ्या दोऱ्या बोटांना आत मुडपून टाकतात आणि हाताचा पंजा होतो. प्रत्येक बोटाला वाकविण्यासाठी निसर्गाने दोन कंडरा दिल्या आहेत. त्यांतील एक सोडवून, तिचे चार पदर करून ते चारही बोटांना नव्या मार्गाने जोडले, तर गेलेला तोल परत आणता येतो. पोलिओ आणि अपघाताच्या रुग्णांवर असे कंडरारोपण होत असे. कुष्ठरुग्णाच्या जखमा भरून येत नाहीत, या समजुतीपायी त्यांच्या वाट्याला मात्र ते आले नव्हते.

१९४८ च्या सुमारास ब्रँड यांनी ही समजूत खोटी ठरविली. पहिल्या रुग्णांच्या जखमा इतर कोणाच्याही जखमांसारख्या भरून आल्या. मात्र खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर होती. ज्या स्नायूने आजवर बोट वाकविले, त्याला आता वेगळेच काम करायचे होते. मेंदूला जुनी आज्ञा विसरून नवी शिकवावी लागे, आणि तीही स्पर्शाच्या मदतीवाचून, केवळ डोळ्यांनी पाहून. त्यासाठी आठवडेच्या आठवडे व्यायाम चाले. वेल्लोरला हातांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. पुढे ब्रँड यांनी मनगटाचा एखादा स्नायू निवडून, पायातील जादा कंडरेचे पदर त्याला जोडण्याची पद्धतही विकसित केली. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये हंटेरियन प्राध्यापक म्हणून त्यांनी हे काम मांडले.

यशाबरोबर एक अनपेक्षित तक्रारही आली. हात सुधारलेले काही तरुण परत आले ते दुःखी होऊन. वाकड्या हातांना भीक मिळत होती; सरळ हातांना ती मिळेना. आणि कुष्ठरोगाचा शिक्का कायम असल्याने काम तर कोणीच देईना. हात सरळ करून आपण या माणसाची रोजीच बुडवली, ही जाणीव ब्रँड यांना जिव्हारी लागली. १९५१ मध्ये वेल्लोरच्या आवारात नव-जीव-निलयम ही छोटी वसाहत उभी राहिली. तेथे रुग्ण लाकडी खेळणी व इतर वस्तू करण्यास शिकू लागले. शिकविणारे स्वतः ब्रँड होते. वैद्यक नको म्हणून शिकलेली सुतारकी व गवंडीकाम असे कामी आले.

या कार्यशाळेतच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोध लागला. कुष्ठरोगात मांस सडते आणि बोटे गळून पडतात, हे त्या काळी डॉक्टरही मानत. ब्रँड यांना मात्र वेगळेच दिसू लागले. एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका किरकोळ मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरविली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापले होते. मुलाला पत्ताच नव्हता. दुसऱ्या एका वृद्धाने निखाऱ्यांत पडलेले रताळे हाताने उचलून दिले होते. मग ब्रँड यांनी प्रत्येक जखमेचा माग काढण्याचा नेम केला. गरम भांडे, खिळा, हातोडीच्या दांड्याची कपची, बूट चावून झालेला फोड, असे प्रत्येकीला काही ना काही कारण निघू लागले. रात्रीतून नाहीशा होणाऱ्या बोटांचे कोडे तेवढे सुटेना. पहारा ठेवला, तेव्हा उंदीर झोपलेल्या रुग्णाचे बोट कुरतडताना दिसला. रुग्णाला जाग येत नव्हती, कारण वेदना नव्हती. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर देण्याची प्रथा पडली.

निष्कर्ष स्पष्ट होता. बहुतेक विद्रूपता ही रोगाने थेट केलेली नसून वेदना हरपल्याचा तो परिणाम होता. निरोगी माणूस चालताना पायावरचा भार नकळत बदलतो. हत्यार टोचू लागले की पकड सैल करतो. पेला हातातून निसटू लागला, की सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात बोटांची पकड आपोआप घट्ट होते. एका तळहाताच्या त्वचेत सुमारे १७ हजार स्पर्शग्राहक तंतू हे काम अहोरात्र करीत असतात. ही यंत्रणा बंद पडली, की हात ताकदवान असूनही आंधळा होतो. ब्रँड यांनी रुग्णांना डोळ्यांनी हाताची राखण करण्यास शिकविले. रोज संध्याकाळी हात-पाय तपासायचे, हत्यारांचे दांडे जाड करायचे, गरम भांडे फडक्यानेच धरायचे. डॉ. मार्गारेट यांनी हेच तत्त्व डोळ्यांना लावले. बुबुळाची संवेदना गेली की पापणी लवत नाही आणि डोळा कोरडा पडून जातो, हे त्यांनी दाखविले आणि नेत्रशल्यक्रियांनी अनेकांची दृष्टी राखली.

या काळात ब्रँड यांच्यावर एक भयाण रात्र आली. १९५३ मध्ये अमेरिकेहून परतताना, इंग्लंडमधील रेल्वे प्रवासानंतर लंडनच्या मुक्कामी मोजा काढताना त्यांना टाचेत काहीच संवेदना नसल्याचे आढळले. सुईनेही कळ आली नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, कुटुंबापासून दूर व्हावे लागणार, या विचारात रात्र सरली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते कळवळले. प्रवासात अवघडून बसल्याने दबलेला मज्जातंतू एवढेच ते कारण होते. त्या कळेचे त्यांनी आयुष्यभर आभार मानले. आपल्या रुग्णांच्या वाट्याला काय येते, हे त्यांना त्या एका रात्रीत कळले.

वेल्लोरची शाळा हळूहळू देशभर पसरली. १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीस यांना ब्रँड यांनी चाकाच्या खुर्चीत बसून हातांच्या शस्त्रक्रिया करण्यास प्रवृत्त केले. त्या पुढे देशातील पुनर्वसन वैद्यकाच्या अग्रणी ठरल्या. वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ मध्ये कुष्ठरोग संशोधन केंद्र सुरू झाले.

महाराष्ट्राची भूमीही तेव्हा याच प्रश्नाशी झुंजत होती. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० पासून उभे होते. ज्यांचे नाव त्याला मिळाले, ते आयुक्त अ‍ॅक्वर्थ मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणूनही परिचित आहेत. दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांना काम दिले होते. शल्यक्रियेचा धागा डॉ. नोशीर अंतिया यांनी उचलला. पुण्याजवळच्या कोंढव्यातील कुष्ठरुग्णालयात त्यांनी हात व चेहरे यांवर पुनर्रचना शस्त्रक्रिया केल्या आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपाला आणला. हातांना श्रम देणारी वर्ध्या-वरोऱ्याची परंपरा आणि हात दुरुस्त करणारी वेल्लोर-कोंढव्याची परंपरा एकमेकींना पूरक होत्या. कामाविना हात आणि हाताविना काम, दोन्ही व्यर्थ, हे ब्रँडही वेगळ्या वाटेने शिकले होते.

१९६० मध्ये ब्रँड यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तर १९६१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सीबीई किताब दिला. १९६६ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेतील लुईझियाना राज्यातील कारव्हिलच्या सरकारी कुष्ठरुग्णालयात पुनर्वसन विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि वीस वर्षे तेथे राहिले. तेथे पैसा होता, अभियंते होते. मग त्यांनी असा बेत आखला, की गेलेली वेदना परत आणता येत नसेल, तर ती कृत्रिमरीत्या निर्माण करावी. दाब मोजणारे छोटे विद्युत संवेदक हातमोज्यांत व पायमोज्यांत बसवायचे आणि दाब धोक्याच्या पातळीला पोहोचला की रुग्णाला इशारा द्यायचा, अशी ही योजना होती. आजच्या कृत्रिम हातांतील स्पर्शयंत्रणेचा हा एक आद्य अवतार म्हणता येईल.

अडचणी पहिल्या दिवसापासून आल्या. संवेदक महाग होते. वारंवार वाकून ते तुटत, घामाने गंजत आणि कालांतराने चुकीचे आकडे दाखवीत. किती दाब धोक्याचा, हे ठरविणेही सोपे नव्हते. टाळी वाजविताना जो दाब निरुपद्रवी, तोच सलग तासभर राहिला तर त्वचा मरते. आणि अगदी हलका दाबही एकाच जागी हजारो वेळा पडला तर तेथे दाह होऊन जखम होते. जिवंत त्वचा हा फरक जाणते. दुखऱ्या जागी ती अधिक हळवी होते आणि बरी झाल्यावर पुन्हा पूर्ववत. असा समंजसपणा कोणत्याही संवेदकात नव्हता.

यंत्राहून मोठी अडचण माणसाच्या मनाची होती. इशारा कानातील आवाजाने दिला, तर रुग्ण तो ऐकून सोडून देत. मग ज्या काखेत संवेदना शिल्लक होती, तेथे विजेचा सौम्य धक्का देऊन पाहिले. तो झोंबत असे. पण हातातील काम पुरे करायचे असले, की रुग्ण बटण बंद करीत, काम उरकत आणि बटण पुन्हा चालू करीत. खऱ्या वेदनेला बटण नसते, हेच तिचे सामर्थ्य आहे, हा धडा ब्रँड यांनी त्यातून घेतला. शिवाय काखेतून आलेला इशारा हा आपल्या बोटाचा आहे, असे मनाला कधी वाटतच नव्हते. बधिर झालेला हात रुग्णाला आपला वाटेनासा होतो, तो एखाद्या अवजारासारखा परका होतो, हे त्यांनी भारतातही पाहिले होते. सुमारे पाच वर्षांच्या खटाटोपानंतर हा प्रकल्प त्यांनी थांबविला.

अपयश त्यांनी लपविले नाही. पुस्तकांतून त्याची सविस्तर हकीकत सांगितली. आणि ते सारे वायाही गेले नाही. पुनःपुन्हा पडणाऱ्या हलक्या दाबाने ऊती कशा बिघडतात, जखम होण्याआधी ती जागा कशी गरम होते, याविषयीची कारव्हिलची निरीक्षणे मधुमेही रुग्णांना वरदान ठरली. मधुमेहातही पायांची संवेदना जाते. पायाचा भार सर्वत्र वाटून देणारे प्लास्टर, योग्य मापाची पादत्राणे आणि रोजची तपासणी यांमुळे कित्येकांचे पाय कापण्यापासून वाचले. हाताच्या यांत्रिकीवरील त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंडरेची ओढ, सांध्यापासूनचे तिचे अंतर आणि बोटाच्या टोकाशी मिळणारा जोर यांचे जे गणित त्यात आहे, तेच गणित तारांनी बोटे ओढणाऱ्या यांत्रिक हातालाही लागू पडते.

ब्रँड यांच्यानंतर विज्ञान पुढे गेले. २०१४ मध्ये युरोपीय संशोधकांनी, हात गमावलेल्या एका व्यक्तीच्या दंडातील मज्जातंतूंत विद्युतकांड्या बसवून, कृत्रिम बोटांवरील दाब तिला आपल्या हरवलेल्या हातातच जाणवेल अशी व्यवस्था केली. डोळे बांधलेले असताना ती व्यक्ती वस्तूचा आकार व कठीणपणा ओळखू शकली. इशारा काखेत नव्हे, थेट मूळच्या मज्जातंतूत दिला गेला, हाच या यशाचा गाभा होता. स्पर्श व उष्णता यांच्या ग्राहकांच्या शोधासाठी २०२१ चे वैद्यकाचे नोबेल दिले गेले. तरीही वर्षानुवर्षे न बिघडणारी, परवडणारी आणि नाजूकपणे सावध करणारी त्वचा अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाही.

१९८६ मध्ये निवृत्त होऊन ब्रँड सिएटल येथे स्थायिक झाले. आपल्या धर्मश्रद्धेनुसार ते वेदनेला ईश्वराची देणगी मानत. मात्र ही श्रद्धा त्यांना रुग्णाच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची सबब कधी वाटली नाही. पडल्याने डोक्याला झालेल्या इजेनंतर ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील आठवड्यात त्यांना एकोणनव्वदावे वर्ष पूर्ण झाले असते.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले आणि प्रश्न संपल्याची भावना शहरांत रुजली. तो संपलेला नाही. पालघर हा राज्यातील कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत गणला जातो. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला गर्दी करणारे आणि पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी चिखलात उतरणारे डहाणू-तलासरीचे लोक हातांच्या बळावर जगतात. फिकट, न खाजणारा, न दुखणारा चट्टा घेऊन असा माणूस दवाखान्यात जात नाही, कारण त्याला काहीच दुखत नसते. दुखले असते, तर तो वेळेत गेला असता. सहा महिने किंवा वर्षभराचे मोफत औषध रोग बरा करते, पण एकदा मेलेला मज्जातंतू बहुधा परत येत नाही. घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे तपासणारी आरोग्यसेविका जेव्हा त्यावर हलकेच टोक टेकवून जाणवते का म्हणून विचारते, तेव्हा ती तोच प्रश्न विचारत असते, जो ब्रँड यांनी चेंगलपट्टूच्या आवारात स्वतःला विचारला होता. त्याचे उत्तर वेळेत मिळाले, तर त्या हाताला शल्यविशारदाचीही गरज पडणार नाही आणि यंत्राचीही.